संक्षेप: केव्हा उघडावा, केव्हा मिटावा

मराठी माणसाला संक्षेपाची नव्याने ओळख करून देण्याचे कारण नाही. पत्राचा मायना लिहिताना 'सा. न. वि. वि.' ही चार अक्षरे आपल्या वाडवडिलांच्या लेखणीतून सहज उतरत आणि ती वाचणारा 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असे मनातल्या मनात वाचून घेई. वडिलांना 'ती. स्व.', मुलाला 'चि.', लग्न ठरलेल्या मुलीला 'चि. सौ. कां.', पत्ता सांगताना 'मु. पो.' आणि पत्र मिटता मिटता काही आठवलेच तर 'ता. क.', असा हा सारा परिवार होता. या व्यवहारात श्रमाची वाटणी ठरलेली असे. लिहिणाऱ्याने थोडे लिहावयाचे आणि वाचणाऱ्याने ते पुरते करून घ्यावयाचे.

संगणकाने ही वाटणी बदलून टाकली आहे. आता लिहिणारा थोडे लिहितो आणि यंत्र ते तिथल्या तिथे पुरते करून कागदावर मांडते. वाचणाऱ्याच्या हाती पडतो तो पूर्ण विस्तारलेला मजकूर. मधल्या मध्ये हा विस्तार कोणी केला, लिहिणाऱ्याच्या मनात तोच होता की दुसरा, हे त्या मजकुराकडे पाहून कळण्यास मार्ग उरत नाही. म्हणूनच, श्रोतेहो, हा विस्तार केव्हा होऊ द्यावयाचा आणि केव्हा थांबवावयाचा, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. आज त्याच एका कळीविषयी, म्हणजे संक्षेप चालू करण्याच्या आणि बंद करण्याच्या कळीविषयी, थोडे बोलावयाचे आहे.

संगणकावर मजकूर लिहिण्याची साधने पुष्कळ आहेत. त्यांपैकी काही अशी आहेत की ज्यांचे वागणे वापरणाऱ्याला स्वतः सूचना लिहून बदलता येते. अशा साधनाला आपण आज्ञाधारक संपादक म्हणू. सुरतच्या माणसाला ही कल्पना समजावून सांगण्यास फार लांब जावे लागत नाही. तेथील यंत्रमागांवर जकार्ड चढवलेले असते. फ्रान्समधील जोसेफ मारी जकार यांनी १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या युक्तीत पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडलेली असतात. जेथे भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे तो खालीच राहतो. माग तोच, विणणारा तोच. पट्ट्या बदलल्या की वेलबुट्टी बदलते. आज पुष्कळ ठिकाणी पुठ्ठ्याची जागा विजेवर चालणाऱ्या यंत्रणेने घेतली आहे, पण तत्त्व तेच राहिले आहे. आज्ञाधारक संपादकातही असेच घडते. यंत्र सर्वांचे सारखे, परंतु त्याला दिलेल्या सूचना ज्याच्या त्याच्या.

अशा संपादकांपैकी सर्वांत नावाजलेला म्हणजे ईमॅक्स. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रयोगशाळेत १९७६ मध्ये त्याचा जन्म झाला. रिचर्ड स्टॉलमन यांचा त्यात मोठा वाटा होता, आणि आज जगभर वापरला जातो तो ग्नू ईमॅक्स त्यांनीच १९८५ मध्ये लोकांपुढे ठेवला. तो मोफत आहे, आणि त्याचे अंतरंग कोणालाही उघडून पाहता येते व बदलता येते. दुसरा तितकाच प्रसिद्ध संपादक म्हणजे व्हिम. तो ब्राम मूलेनार या डच गृहस्थांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला आणि २०२३ मध्ये निधन होईपर्यंत ते त्याची देखभाल करीत राहिले. या दोन्ही संपादकांत संक्षेपांची सोय आहे. ज्यांनी हे संपादक कधी पाहिले नाहीत त्यांच्याही खिशातील फोनमध्ये तिचीच धाकटी बहीण नांदत असते. दोन अक्षरे दाबली की पुरता पत्ता उमटावा, अशी व्यवस्था तेथेही करता येते.

ही सोय चालते कशी, ते आधी पाहू. संपादकाजवळ एक कोष्टक असते. त्याच्या एका बाजूस संक्षेप आणि दुसऱ्या बाजूस त्याचा विस्तार. आपण अक्षरे टंकीत जातो तोवर यंत्र स्वस्थ असते. शब्द संपल्याची खूण, म्हणजे मोकळी जागा, स्वल्पविराम किंवा पूर्णविराम उमटण्याची वेळ आली, की ते क्षणभर मागे वळून शेवटचा शब्द पाहते. तो कोष्टकात सापडला तर तो पुसून त्या जागी विस्तार लिहिते. न सापडला तर काहीच करीत नाही. अर्थ, संदर्भ, वाक्याचा रोख यांच्याशी त्याला कर्तव्य नसते. अक्षरांशी अक्षरे जुळली एवढेच त्याला कळते.

आता सुरतेतील एखाद्या कापडपेढीवर बसलेल्या मराठी लेखनिकाची कल्पना करा. तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या रेल्वेने जळगाव, धुळे, नंदुरबारकडील हजारो कुटुंबे या शहरात आली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत स्थिरावली. येथे गुजरातीत हिशेब, हिंदीत बोलणी, इंग्रजीत करांचे कागद आणि घरी मराठी, असा चौभाषी संसार चालतो. मालेगावच्या किंवा अमळनेरच्या व्यापाऱ्याला मराठीत पत्र धाडावयाचे झाले तर लेखनिकाला तीच ती लांबलचक नावे दिवसातून पन्नास वेळा टंकावी लागतात. 'सुरत महानगरपालिका', 'गुजरात औद्योगिक विकास महामंडळ', 'वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ' ही नावे अक्षर न् अक्षर लिहिण्यात वेळ जातो आणि घाईत चुकाही होतात. संक्षेपांचे कोष्टक त्याच्या मदतीला आले तर नवल नाही. एकदा नाव नीट तपासून कोष्टकात घातले की पुढे ते दर वेळी बिनचूक उमटते, हा लाभ वेळेच्या लाभाहूनही मोठा आहे.

परंतु याच ठिकाणी पहिली अडचण उभी राहते. कापडाच्या व्यवहारात माप मीटरमध्ये असते आणि कागदावर आपण ते 'मी.' असे लिहितो. लेखनिकाने उत्साहाने 'मी' या अक्षरापुढे 'मीटर' हा विस्तार लिहून ठेवला, तर '५०० मीटर' झकास उमटेल. पण पत्राच्या शेवटी 'मी आपला आभारी आहे' असे लिहू जाता कागदावर 'मीटर आपला आभारी आहे' असे उमटेल! 'ता.' या संक्षेपाची गोष्ट अशीच आहे. 'ता. चोर्यासी, जि. सुरत' यात तो तालुका असतो आणि 'ता. १ मे १९६०' यात तारीख. वाचणाऱ्या माणसाला हा भेद करण्यास क्षणही लागत नाही, कारण तो पुढचे-मागचे पाहतो. यंत्राला मात्र त्या दोन ठिकाणी एकच 'ता' दिसतो. शिवाय 'ता' नंतर टंकलेले टिंब हीच त्याला शब्द संपल्याची खूण वाटते आणि 'तालुका' या शब्दापुढे ते टिंब अनाथासारखे उभे राहते.

या अडचणीवर पहिला तोडगा कळीचा नाही, तो शहाणपणाचा आहे. जो शब्द भाषेत स्वतंत्रपणे वावरतो तो संक्षेप म्हणून निवडूच नये. येथे आपल्या भाषेने एक मोठी सोय करून ठेवली आहे. मराठीत 'ळ' ने आरंभ होणारा शब्द नाही, आणि गुजरातीतही हीच स्थिती आहे. तेव्हा प्रत्येक संक्षेपाच्या आरंभी 'ळ' ठेवला, म्हणजे 'ळमी' लिहिले तर मीटर, 'ळता' लिहिले तर तालुका, 'ळदि' लिहिले तर दिनांक, तर खऱ्याखुऱ्या शब्दाशी त्याची गाठ पडण्याचा संभवच उरत नाही. इंग्रजीत लिहिणारे लोक याच हेतूने संक्षेपाच्या आरंभी एखादे विरामचिन्ह ठेवतात. आपल्याला ते वर्णमालेतच मिळाले आहे.

दुसरी अडचण खास मराठीची आहे, आणि इंग्रजी पुस्तके वाचून ही सोय शिकणाऱ्याला ती आधी उमगत नाही. इंग्रजीत नामाचा संबंध दाखवणारे शब्द बहुधा सुटे असतात; म्हणून नाम एकटे उभे असते आणि त्याचा विस्तार सुखाने होतो. मराठीत विभक्तीचा प्रत्यय नामाला चिकटतो. 'ळमनपा' याचा विस्तार 'सुरत महानगरपालिका' असा ठेवला, तरी आपल्याला बहुतेक वेळा हवे असते ते 'महानगरपालिकेच्या', 'महानगरपालिकेने', 'महानगरपालिकेला'. 'ळमनपाच्या' असे एका दमात लिहिले तर यंत्राला तो निराळाच शब्द वाटतो आणि ते हलत नाही. आधी विस्तार करवून मग 'च्या' जोडावे तर 'महानगरपालिकाच्या' असे अशुद्ध रूप हाती येते, कारण प्रत्ययापूर्वी होणारे सामान्यरूप यंत्राला ठाऊक नसते. यावर उपाय असा की कोष्टकात दोन नोंदी कराव्यात: 'ळमनपा' म्हणजे 'सुरत महानगरपालिका' आणि 'ळमनपे' म्हणजे 'सुरत महानगरपालिके'. दुसऱ्या नोंदीचा विस्तार मोकळी जागा न सोडता हुकूम देऊन करवून घ्यावा आणि मग हवा तो प्रत्यय टंकावा. ईमॅक्समध्ये असा थेट हुकूम देण्याची सोय आहे. तिच्याविषयी पुढे पुन्हा बोलणार आहे.

आता मुख्य कळीकडे वळू. ईमॅक्समध्ये आपोआप विस्तार होण्याच्या अवस्थेला 'ॲब्रेव्ह मोड' म्हणतात. या नावाची आज्ञा दिली की अवस्था पालटते: चालू असेल तर बंद होते, बंद असेल तर चालू होते. अशा पालटणाऱ्या कळीला इंग्रजीत 'टॉगल' म्हणतात. तिच्या स्वभावातील खोच समजण्यासाठी जिन्यातला दिवा आठवा. खाली एक बटण, वर एक बटण, आणि कोणतेही दाबले तरी दिवा पालटतो. जिना चढणारा दिवा लावण्यासाठी खालचे बटण दाबतो. त्याच क्षणी वरून उतरणाराही लावण्याच्याच हेतूने वरचे बटण दाबतो. आणि दोघेही अंधारात उभे राहतात. दोघांचाही हेतू एक, दोघांचीही कृती योग्य, तरी फळ उलटे. याचे कारण असे की, पालटणाऱ्या कळीचा परिणाम ती दाबण्यापूर्वीच्या अवस्थेवर अवलंबून असतो. ज्याला आधीची अवस्था दिसते त्यानेच ती कळ दाबावी.

माणूस पडद्यासमोर बसलेला असतो तेव्हा त्याला अवस्था दिसू शकते. ईमॅक्स आपल्या तळच्या पट्टीत 'ॲब्रेव्ह' असा शब्द दाखवतो. तो दिसला की संक्षेप चालू आहेत असे समजावे. म्हणून माणसाच्या हाती पालटणारी कळ देणे सोयीचे असते. परंतु संपादक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या सूचनांच्या फायलीत हीच आज्ञा लिहिली तर? तेथे पाहणारा कोणी नसतो. ती सूचना चुकून दोनदा वाचली गेली तर पहिल्या वेळी चालू झालेली सोय दुसऱ्या वेळी बंद होते, आणि वापरणारा आपल्या नशिबाला बोल लावीत बसतो. हा घोळ पुष्कळांच्या अनुभवास आला असला पाहिजे. कारण २०१२ मध्ये निघालेल्या ईमॅक्सच्या चोविसाव्या आवृत्तीत नियमच बदलण्यात आला. तेव्हापासून माणसाने आज्ञा दिली तर अवस्था पालटते. पण सूचनांच्या फायलीतून, सोबत काहीही न देता, तीच आज्ञा दिली तर अवस्था निश्चितपणे चालूच होते. बंद करावयाची असेल तर सोबत ऋण एक ही संख्या द्यावी लागते. खरोखर पालटावयाचीच असेल तर तसे शब्दाने सांगावे लागते. यंत्राला सांगताना 'पालट' असे म्हणण्यापेक्षा 'चालू कर' किंवा 'बंद कर' असे स्पष्ट म्हणावे, हा धडा या बदलातून घेण्यासारखा आहे. कचेरीतील शिपायालाही आपण 'पंख्याचे बटण फिरव' असे सांगत नाही. 'पंखा लाव' असे सांगतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ही अवस्था साऱ्या संपादकाची नसते, ती एकेका कागदाची असते. पत्र उघडले आहे त्यात संक्षेप चालू आणि शेजारीच दस्तऐवजाची नक्कल उघडली आहे त्यात बंद, असे एकाच वेळी असू शकते. सर्वच कागदांत ती चालू राहावी असे वाटल्यास तसेही सांगता येते, किंवा केवळ साध्या मजकुराच्या कागदांत चालू आणि हिशेबाच्या वा आज्ञावलीच्या कागदांत बंद, असाही भेद करता येतो. कोष्टकेही दोन प्रकारची ठेवता येतात: एक सर्व कागदांना लागू पडणारे आणि दुसरे विशिष्ट प्रकारच्या कागदांपुरते. मराठी पत्रांचे कोष्टक गुजराती बिलांच्या वाटेस जाऊ नये, याची तजवीज याच ठिकाणी होते.

दर वेळी मुख्य कळीला हात घालण्याचीही गरज नसते. एखाद्याच शब्दाचा विस्तार नको असेल तर ईमॅक्समध्ये कंट्रोल आणि 'क्यू' ही जोडी दाबून मग मोकळी जागा टंकावी. तो शब्द जसाच्या तसा राहतो. व्हिममध्ये हेच काम कंट्रोल आणि 'व्ही' ही जोडी करते. विस्तार होऊन गेल्यावर चूक ध्यानात आली तर तो मागे घेण्याची आज्ञाही आहे. आणि मघाशी उल्लेख केला तो थेट हुकूम तर सर्वांत उपयोगी. आपोआप होणारा विस्तार पूर्ण बंद ठेवला असतानाही, नुकत्याच लिहिलेल्या संक्षेपाचा विस्तार कर, असे या हुकुमाने सांगता येते. ज्याला यंत्राने परस्पर काही करावे हे रुचत नाही, परंतु श्रमही वाचवावयाचे आहेत, अशा काटेकोर माणसाला हा मधला मार्ग पसंत पडावा. त्यात प्रत्येक विस्तारामागे लिहिणाऱ्याची संमती उभी असते.

येथपर्यंतच्या गोष्टी सोयीच्या झाल्या. आता जबाबदारीची बाजू पाहू. जुन्या दस्तऐवजाची नक्कल करणाऱ्याने संक्षेप बंदच ठेवले पाहिजेत, असे मी म्हणतो त्याचे कारण सुरतेच्याच परिसरातून देता येते. समजा, लेखनिकाने 'ळनव' या संक्षेपापुढे 'नवसारी, जिल्हा नवसारी, गुजरात राज्य' असे लिहून ठेवले आहे. आजच्या पत्रासाठी हे अगदी बरोबर आहे. पण त्याच्यापुढे १९५८ सालचे खरेदीखत नक्कल करण्यासाठी आले तर? नवसारी पूर्वी बडोदे संस्थानात होती. १९४९ मध्ये ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर ती सुरत जिल्ह्यात आली. १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाले. १९६४ मध्ये सुरतेतून वलसाड जिल्हा निराळा काढला तेव्हा नवसारी त्यात गेली. आणि १९९७ मध्ये नवसारीचा स्वतंत्र जिल्हा झाला. म्हणजे १९५८ च्या कागदावर 'जिल्हा सुरत, मुंबई राज्य' असेच असणार. हाताच्या सवयीने संक्षेप टंकला गेला आणि यंत्राने आजचा विस्तार लिहिला, तर ज्या वर्षी ना तो जिल्हा होता ना ते राज्य, त्या वर्षीच्या कागदावर ती दोन्ही नावे अवतरतील. जमिनीच्या वादात अशी एक ओळ संपूर्ण नकलेविषयी संशय उत्पन्न करण्यास पुरेशी असते. ज्याची जमीन आहे त्याला ती चूक यंत्राची की लेखनिकाची याच्याशी काय करावयाचे आहे? त्याला फेऱ्या घालाव्या लागतात एवढे खरे.

संस्थांच्या नावांतही हेच घडते. सुरतेतील विद्यापीठ १९६५ मध्ये स्थापन झाले ते दक्षिण गुजरात विद्यापीठ या नावाने. २००४ मध्ये त्याला कवी नर्मद यांचे नाव जोडले गेले. कोष्टकातील नोंद बदलली की पुढचे सारे विस्तार नव्या नावाने होतील. मात्र आधी लिहिलेल्या कागदांतील नाव त्याने बदलत नाही, कारण विस्तार एकदा झाला की तो साधा मजकूर होतो आणि कोष्टकाशी त्याचा संबंध तुटतो. हे एका परीने चांगलेच आहे. १९८५ च्या पदवीपत्राची नोंद करताना त्यावर जे नाव छापले आहे तेच लिहिले पाहिजे. नव्या कोष्टकाने जुन्या कागदात हात घालू नये.

मोडी कागदांचे लिप्यंतर करणाऱ्यांना तर हा नियम अधिकच कडकपणे पाळावा लागतो. गायकवाड घराण्याचे आरंभीचे ठाणे सोनगड, आजच्या तापी जिल्ह्यात, सुरतेपासून फार दूर नाही. मराठेशाहीतील मोडी कागदांत संक्षेपांची रेलचेल असे. पहिले अक्षर लिहून पुढे दोन उभ्या रेघा ओढल्या की तो संक्षेप झाला. 'मौ॥' म्हणजे मौजे, 'क॥' म्हणजे कसबे. एकच संक्षेप निरनिराळ्या जागी निरनिराळ्या अर्थाने येतो आणि त्याचा निर्णय अभ्यासकाने संदर्भ पाहून करावयाचा असतो. २०१४ मध्ये मोडी लिपीला युनिकोड या जागतिक अक्षरसंचात स्थान मिळाले आणि मोडी मजकूर संगणकावर मोडीतच लिहिण्याचा मार्ग खुला झाला. परंतु लिप्यंतराचा पहिला धर्म हाच की कागदावर जे आहे ते लिहावे. आपला अर्थ निराळा, कंसात द्यावा. येथे यंत्राने परस्पर विस्तार केला, तर मूळ लेखकाने काय लिहिले आणि आपण काय समजलो यातील सीमारेषाच पुसली जाते, आणि पुढच्या अभ्यासकाला ती शोधूनही सापडत नाही.

ही भीती काल्पनिक वाटत असेल तर शास्त्रज्ञांच्या जगातील एक उदाहरण पाहा. माणसाच्या जनुकांना संक्षिप्त नावे दिलेली असतात. त्यांत 'मार्च-१', 'सेप्ट-२' अशी काही नावे होती. कोष्टके करण्याच्या एक्सेल या साधनाला ती तारखा वाटत आणि ते परस्पर त्यांचा १ मार्च, २ सप्टेंबर असा कायापालट करी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले की, ज्या शोधनिबंधांसोबत जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडल्या होत्या त्यांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत असल्या चुका राहून गेल्या होत्या. अखेरीस २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने हार पत्करून जनुकांचीच नावे बदलली. 'सेप्ट' चे 'सेप्टिन' झाले. आणि हे आपोआप होणारे रूपांतर बंद करण्याची कळ त्या साधनात आली ती २०२३ मध्ये! मुळात ती कळ असती तर जनुकांची बारशी पुन्हा करावी लागली नसती. चालू-बंदच्या एका साध्या कळीचे मोल यावरून कळावे.

यावरून संक्षेप वापरूच नयेत असा निष्कर्ष कोणी काढू नये. रोज तीच वाक्ये लिहिणाऱ्याच्या बोटांना आणि मनगटाला त्यांनी खरीखुरी विश्रांती मिळते. ईमॅक्स तर प्रत्येक संक्षेप किती वेळा उपयोगात आला याची गणतीही ठेवतो. त्या यादीकडे पाहून निरुपयोगी नोंदी काढून टाकता येतात. २०२२ मध्ये निघालेल्या आवृत्तीपासून, आपण लांब नाव पुरते टंकले आणि त्यासाठी संक्षेप तयारच होता, तर तशी आठवण करून देण्याची सोयही त्यात आहे. अशा सेवकाला दाराबाहेर ठेवण्यात शहाणपण नाही.

तेव्हा व्यवहारासाठी थोडक्यात सांगावयाचे तर असे. संक्षेप असे निवडावेत की जे भाषेत शब्द म्हणून येत नाहीत. पत्रव्यवहारात ते चालू ठेवावेत; नकलेत, लिप्यंतरात आणि दुसऱ्याचे शब्द उतरवून घेताना बंद ठेवावेत. सूचनांच्या फायलीत 'पालट' असे न लिहिता 'चालू' किंवा 'बंद' असे स्पष्ट लिहावे. लिहिण्यास बसण्यापूर्वी तळच्या पट्टीकडे एकदा पाहण्याची सवय लावून घ्यावी. वर्षातून एकदा कोष्टक उघडून त्यातील नावे अद्याप खरी आहेत ना, हे तपासावे. गावे जिल्हे बदलतात, संस्था नावे बदलतात, आणि कोष्टक मात्र जुनेच नाव निष्ठेने लिहीत राहते. आणि कागद पुरा झाल्यावर तो वाचावा. 'सा. न. वि. वि.' लिहिणाऱ्या पिढीला वाचणाऱ्याच्या समजुतीवर विसंबता येत होते. आपला मजकूर वाचणाऱ्यापर्यंत पोहोचतो तो विस्तार होऊनच. म्हणून तो विस्तार प्रथम वाचण्याचे काम आपल्याकडे आले आहे. खाली सही आपली असते, यंत्राची नसते.